कीबोर्डचे ते दोन पाय आधी मिटा

जवळपास प्रत्येक कीबोर्डच्या खाली, मागच्या बाजूला दोन छोटे प्लास्टिकचे पाय असतात. ते उघडले की कीबोर्डची मागची कड उचलली जाते आणि कळा आपल्याकडे तोंड करून बसतात. कंपनीने दिलेत म्हणजे उघडायचेच असणार, अशा समजुतीने बरेच जण ते उघडतात आणि वर्षानुवर्षं तसेच ठेवतात. दिवसभर टाइप करून ज्यांचं मनगट दुखतं त्यांनी सगळ्यात आधी हे पाय मिटावेत. पैसा लागत नाही, वेळही लागत नाही.

तिकडे बाजारात मात्र मधोमध दुभंगलेले कीबोर्ड, जेलच्या गाद्या, उभे माऊस, मनगटाचे पट्टे यांची रेलचेल आहे आणि प्रत्येकावर ‘एर्गोनॉमिक’ असा शिक्का आहे. माणसाने साधनापुढे वाकण्याऐवजी साधनच माणसाच्या शरीराला सोयीचं करायचं, या शास्त्राला एर्गोनॉमिक्स म्हणतात. शास्त्र खरं आहे. शिक्का मात्र कुणीही कशावरही मारू शकतो. म्हणून काय घ्यायचं हे ठरवण्याआधी मनगटाच्या आत काय चालतं ते बघू.

बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतात

डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या जरा खाली धरा आणि उजव्या हाताची बोटं टाइप करताना हलतात तशी हलवा. कातडीखाली चाललेली वळवळ लगेच हाताला लागेल. बोटांत स्वतःचे स्नायू नसतात. काही लहान स्नायू तळहातात असतात, पण बोटं वाकवण्याचं आणि उचलण्याचं मोठं काम करणारे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तिथून निघालेल्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटातून जाऊन बोटांच्या हाडांना बांधलेल्या असतात. स्नायू आखडला की दोरी ओढली जाते आणि बोट हलतं.

अडचणीची जागा म्हणजे मनगट. तिथे आठ छोट्या हाडांची एक कमान असते आणि तळव्याच्या बाजूने त्या कमानीवर एक जाड पट्टा ताणलेला असतो. दोहोंच्या मध्ये जो अरुंद बोगदा उरतो तो कार्पल टनेल. त्यातून बोटं आणि अंगठा वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्यासोबत दाटीवाटीने एक नस जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांची संवेदना हीच नस मेंदूकडे नेते. करंगळीची नस वेगळी, तिचा रस्ताही वेगळा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सायकलच्या ब्रेकची केबल आठवा. ती सरळ किंवा अलगद वळणाने गेलेली असेल तर लिव्हर दोन बोटांनी दाबला जातो. तीच केबल कुठे काटकोनात दुमडली की आतली तार आवरणाला घासते, लिव्हर जड होतो आणि तार त्या वळणापाशीच झिजते. कंडरांनाही असंच आवरण असतं आणि आत वंगणही असतं. मनगट सरळ असेल तर त्या बिनबोभाट सरकतात. मनगट वाकवून टाइप केलं तर प्रत्येक कळ दाबताना त्या वळणावर घासतात. मिनिटाला ४० शब्दांचा साधा वेग धरला आणि शब्दाला सरासरी ५ कळा मोजल्या, तर सलग टाइप करणाऱ्याच्या तासाला १२,००० कळा होतात.

घासण्याखेरीज दाबाचाही प्रश्न आहे. बोगद्याच्या आतला दाब सुई घालून मोजता येतो. १९८१ साली अमेरिकेत अशी मोजमापं झाली. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना हा दाब पाऱ्याच्या अवघ्या अडीच मिलिमीटरच्या आसपास निघाला. तेच मनगट पूर्ण वाकवलं की तो ३० च्या घरात गेला. आणि ३० च्या आसपासचा दाब टिकून राहिला तर नसेच्या रक्तपुरवठ्यात अडथळा येऊ लागतो. टाइप करताना कुणी मनगट पूर्ण दुमडत नाही हे खरं. पण अर्धवट वाकलेलं मनगट तासन्‌तास तसंच राहतं, आणि त्रास या ‘तसंच राहण्यात’ आहे.

मनगट वाकडं होतं ते तीन तऱ्हांनी

पहिली तऱ्हा म्हणजे पंजा वर उचलला जाणं. टेबल उंच असेल किंवा कीबोर्डची मागची कड उंच असेल, तर बोटं कळांवर पोचण्यासाठी पंजा मागे मोडावा लागतो. नेहमीच्या कीबोर्डवर बहुतेकांचं मनगट या दिशेला थोडंफार मोडलेलंच असतं.

दुसरी तऱ्हा, पंजा करंगळीच्या बाजूला वळणं. आपल्याला खांद्यांची रुंदी आहे, कीबोर्डवरची अक्षरं मात्र वीतभर जागेत कोंबलेली आहेत. त्यामुळे दोन्ही हात तिरके आत येतात आणि कळांच्या ओळींशी जुळण्यासाठी पंजे मनगटातून बाहेर वळतात.

तिसरी तऱ्हा मनगटाची कमी आणि कोपराखालच्या हाताची जास्त. तळवे पूर्ण जमिनीकडे फिरवून ठेवणं ही हाताची आरामाची स्थिती नाही. उभं राहून हात सैल सोडले तर अंगठे पुढे येतात आणि तळवे मांड्यांकडे वळतात. तळवे पालथे ठेवायला स्नायूंना सतत थोडा पीळ धरून ठेवावा लागतो.

आपलं मनगट कसं राहतं हे टाइप करताना कळत नाही, कारण बघायला गेलं की आपण लगेच नीट बसतो. मोबाइल बाजूला टेकवून काम करतानाचं दहा मिनिटांचं चित्रीकरण करावं आणि शेवटची दोन मिनिटं पाहावीत. पहिल्या दोन मिनिटांत सगळेच शहाण्यासारखे बसतात.

मग ते पाय दिलेच कशाला?

शंका रास्त आहे. जुन्या टाइपरायटरच्या कळा पायऱ्यांसारख्या, मागची ओळ पुढच्या ओळीपेक्षा उंच अशा असत. तो चढ बघायची सवय लोकांना होती. शिवाय जो कळा बघून टाइप करतो त्याला मागची ओळ उचललेली असली की अक्षरं स्पष्ट दिसतात. म्हणजे पायांची सोय डोळ्यांसाठी आहे, किंमत मनगट मोजतं.

अभ्यासक तर उलट चढ सुचवतात. कीबोर्डची आपल्याकडची कड किंचित उंच आणि मागची खाली असेल, तर मनगट आपोआप सरळ राहतं. टेबलाखाली सरकणारे काही ट्रे अशा उताराचे करता येतात. प्रत्येकाला हे जमेल असं नाही, कारण मागच्या ओळीतले आकडे दिसेनासे होतात. सपाट कीबोर्ड हा सगळ्यांना चालणारा मध्यममार्ग. पाय मिटूनही तुमचा कीबोर्ड मागून बराच जाड असेल, तर पातळ कीबोर्ड घेण्याला खरंच अर्थ आहे.

खरी गडबड टेबलाच्या उंचीत

खुर्चीत बसा, हात दोन्ही बाजूंना लोंबू द्या. खांदे सैल. आता दंड न हलवता फक्त कोपरातून हात वर घ्या, जमिनीला समांतर होईपर्यंत. पंजे जिथे येतील तिथे कीबोर्ड असायला हवा. बहुतेकांच्या लक्षात येईल की आपलं टेबल या जागेपेक्षा वर आहे. लिहिण्यावाचण्यासाठी बनवलेली टेबलं टाइप करायला सहसा उंच पडतात.

टेबल कापता येत नाही, तेव्हा खुर्ची वर घ्यायची. मग पाय लोंबकळू लागतात, तर पायांखाली ठोकळा, पाट, जाडजूड पुस्तकांचा गठ्ठा, काहीही चालेल. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडकत असतील तर तेही तपासा. ते अडकले की आपण टेबलापासून लांब बसतो, लांब बसलो की हात पुढे ताणतो, आणि मग मनगट टेबलाच्या कडेवर टेकतं. उभं राहून काम करण्याच्या टेबलालाही कोपराचा हाच नियम लागू आहे. उभं राहिल्याने मनगट आपसूक सुधारत नाही.

आता आडवी जागा. अंकांची चौकट असलेला पूर्ण रुंदीचा कीबोर्ड लोक मोजून मापून टेबलाच्या मधोमध ठेवतात. त्यात अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो, दोन्ही हात तिकडे ओढले जातात आणि माऊस उजवीकडे दूर फेकला जातो. कीबोर्डचा मध्य विसरा. एफ आणि जे या कळांवर छोटे उंचवटे असतात, त्या दोहोंचा मध्य तुमच्या बेंबीसमोर यायला हवा.

लॅपटॉपचा पेच यापेक्षा अवघड. कीबोर्ड आणि पडदा एकमेकांना जोडलेले, त्यामुळे पडदा डोळ्यांना सोयीचा करायला जावं तर मनगट मोडतं, कीबोर्ड हाताला सोयीचा करावा तर मान झुकते. बसण्याची कुठलीही युक्ती या पेचातून सोडवत नाही. लॅपटॉप उंचावर ठेवून साधा वेगळा कीबोर्ड आणि माऊस जोडणं हाच उपाय आहे. ज्याला एकच वस्तू विकत घ्यायची आहे त्याने महागडा दुभंगलेला कीबोर्ड बघण्याआधी ही घ्यावी.

मनगटाखालची गादी कशासाठी असते?

नावामुळे फसगत होते. टाइप करताना मनगट गादीवर टेकवून ठेवलं तर बोगद्याच्या छपरावरच खालून दाब पडतो. शिवाय मनगट एका जागी खिळलं की लांबच्या कळांसाठी हात हलत नाही, पंजाच डावीउजवीकडे मुरडतो, म्हणजे वर सांगितलेलं दुसऱ्या तऱ्हेचं वाकणं. टाइप करताना हात कळांवर अधांतरी फिरू द्यावेत, पेटी वाजवणाऱ्याचे फिरतात तसे. थांबलात, वाचत बसलात, विचार करताय, तेव्हा गादीवर खुशाल टेका. तेव्हाही मनगटाची आतली बाजू टेकवू नका, तळहाताचा खालचा गुबगुबीत भाग टेकवा.

खास कीबोर्ड घेऊन काही फरक पडतो का?

काहींना पडतो. कीबोर्डचे दोन भाग करून ते तिरपे बसवण्याची कल्पना नवी नाही, टाइपरायटरच्या काळात १९२० च्या दशकातच ती मांडली गेली होती. मायक्रोसॉफ्टने १९९४ साली ‘नॅचरल’ नावाचा दुभंगलेला कीबोर्ड बाजारात आणला आणि सामान्य माणसाने ती कल्पना पहिल्यांदा टेबलावर पाहिली. १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हातात आधीपासून दुखणं असलेल्या ८० जणांना वेगवेगळे कीबोर्ड देऊन सहा महिने पाहिलं गेलं, काहींना तुलनेसाठी साधाच. दुभंगलेल्या कीबोर्डपैकी एकाने दुखणं साध्या कीबोर्डपेक्षा स्पष्ट कमी झालं, बाकीच्यांबद्दल तसं ठामपणे म्हणता आलं नाही. म्हणजे आकार दुभंगलेला आहे एवढ्यावर भागत नाही. आणि फरक दिसायला महिने लागले, हेही ध्यानात घ्या. आठवडाभर वापरून ‘काही उपयोग नाही’ म्हणून परत करणाऱ्यांनी तर खासच.

दुभंगलेला कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेच्या वाकण्यावर इलाज आहे. मधून तंबूसारखा उचललेला असेल तर तिसऱ्यावरही. पहिल्यावर तो काहीच करत नाही. तुमचं टेबल चार बोटं उंच असेल तर त्यावर कितीही दुभंगलेला कीबोर्ड ठेवा, पंजा वरच मोडणार.

कळांचा प्रकार हा शौकिनांच्या अखंड वादाचा विषय आहे. टाइप करणाऱ्याने एवढं पाहावं: कळ फार जड नको, आणि ती ‘लागली’ हे तळाला आपटण्याआधी बोटाला कळावं. कळ उमटायला जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी पट जोराने बहुतेक जण ती हाणतात. मऊ कळांचा कीबोर्ड घेऊन ही सवय जात नाही. ती हळू दाबायचं ठरवूनच जाते, आणि त्यालाही काही आठवडे लागतात.

अक्षरांची मांडणी बदलावी का? नेहमीच्या कीबोर्डवर असते त्या क्वर्टी मांडणीला पर्याय म्हणून ड्व्होरॅक मांडणीचं पेटंट १९३६ सालचं आहे. त्यात बोटांचा प्रवास कमी होतो, पण त्याने दुखणं टळतं असं भक्कमपणे सिद्ध झालेलं नाही. बसलेला हात मोडून नवी मांडणी शिकण्याची मेहनत मला तरी दुखण्याच्या कारणासाठी पटत नाही. हौस असेल तर गोष्ट वेगळी.

त्यापेक्षा करंगळीकडे बघा. शिफ्ट, कंट्रोल, एंटर, बॅकस्पेस ही सगळी हमाली सर्वांत नाजूक बोटाच्या वाट्याला आली आहे. प्रोग्रामर मंडळींत याला ‘इमॅक्स पिंकी’ असं खास नावच पडलं आहे, कारण प्रोग्राम लिहिण्याच्या इमॅक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोलची कळ सारखी दाबावी लागते, आणि पिंकी म्हणजे करंगळी. एका हाताने पंजा फाकवून दोन कळा दाबण्याऐवजी दोन्ही हात वापरा. कॅप्स लॉकची कळ कंट्रोलसारखी चालेल अशी सोय बहुतेक संगणकांवर करता येते.

आणि माऊस?

सगळा राग कीबोर्डवर निघतो, पण पुरावा माऊसकडे जास्त बोट दाखवतो. डेन्मार्कमध्ये सुमारे ७,००० तंत्रज्ञांचा वर्षभर पाठपुरावा करून २००३ साली निष्कर्ष छापले गेले. कार्पल टनेलची लक्षणं आणि कीबोर्डचे तास यांचा ठळक संबंध दिसला नाही. उजव्या हाताने आठवड्याला २० तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांत मात्र तो दिसला. नवल नाही. कीबोर्डवर दहा बोटांत काम वाटलं जातं. माऊस धरलेला हात एकाच मुठीत अडकलेला असतो, आणि बटण दाबून धरून एखादी गोष्ट ओढताना मनगटातला दाब आणखी चढतो.

माऊस कीबोर्डला खेटून, त्याच उंचीवर ठेवा. अंकांची चौकट लागत नसेल तर ती नसलेला आखूड कीबोर्ड घेतला की माऊस चांगलाच जवळ येतो. माऊस हलवताना मनगट न मुरडता कोपरातून हात हलवा. आणि ज्या गोष्टी कळांनी होतात त्या कळांनीच करा.

‘पूर्वी टायपिस्ट दिवसभर टाइप करायचे, त्यांचं काही दुखायचं नाही’

दुखायचं. टाइपरायटरच्याही आधी, इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ साली कारकुनांच्या दुखऱ्या हाताची तीन कारणं नोंदली होती: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताचं दुखणं नुकसानभरपाईच्या यादीत आलं होतं.

टाइपरायटरवर एक गोष्ट मात्र खरोखर बरी होती. ओळ संपली की हात उचलून दांडा सरकवायचा, पान संपलं की कागद बदलायचा, चूक झाली की खोडरबर. हात दर मिनिटाला वेगळं काहीतरी करायचा. संगणकाने ही सगळी खीळ काढून टाकली, आणि तिच्याबरोबर विश्रांतीही गेली.

ती परत आणण्याचा एक सरळ प्रयोग अमेरिकेत करविवरणं संगणकात भरणाऱ्या कर्मचाऱ्यांवर झाला, २००० साली तो प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सुट्ट्यांखेरीज ज्या तासांत सुट्टी नव्हती त्या प्रत्येक तासात त्यांना पाच मिनिटं जादा दिली. अवघडलेपण कमी झालं, डोळ्यांचा ताणही कमी झाला, आणि दिवसाअखेरचं काम घटलं नाही. साहेबांना दाखवायला हा निकाल बरा आहे. एकच अट: ती पाच मिनिटं मोबाइलवर अंगठा फिरवण्यात घालवायची नाहीत. कंडरांना ते कामच वाटतं.

हे मनाचं दुखणं तर नाही?

ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या मध्यावर कीबोर्ड वापरणाऱ्यांच्या हातदुखीच्या तक्रारींची लाट आली आणि काही वर्षांत ओसरली. कीबोर्ड तर त्यानंतर वाढतच गेले. यावरून काहींनी सगळंच मानसिक ठरवून टाकलं. तो निष्कर्ष घाईचा आहे. कामाचा दबाव, झोप, नोकरीची धास्ती यांनी वेदना वाढते हे खरं, पण दबावाखाली माणूस न थांबता आणि जोरात टाइप करतो हेही तितकंच खरं. रामाझ्झिनींच्या यादीतही तिसरं कारण मनाचंच होतं, आणि पहिली दोन त्यांनी त्यासाठी खोडली नव्हती.

कधी थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं

मनगट दुखलं की लोक ‘मला कार्पल टनेल झालंय’ म्हणतात. टाइप करणाऱ्यांचं बहुतेक दुखणं ते नसतं, कोपराखालचे स्नायू आणि कंडरा शिणलेल्या असतात. ते कामाच्या शेवटी ठणकतं आणि सुट्टीत उतरतं. कार्पल टनेलमध्ये नस दाबली जाते, म्हणून लक्षणं नसेची असतात: अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या, बधिरपणा, रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटणं. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण, संधिवात यांत त्याची शक्यता वाढते. अशा वेळी नुसता कीबोर्ड बदलत बसणं म्हणजे दुखणं अंगावर काढणं. मुंग्या करंगळीत येत असतील तर मनगटापेक्षा कोपराकडे बघा, तो टेबलाच्या किंवा खुर्चीच्या कडक कडेवर टेकत असण्याची शक्यता मोठी. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखत असेल तर मोबाइलवरचं अंगठ्याचं टायपिंग आधी तपासा.

बधिरपणा दिवसाही राहू लागला, वस्तू हातातून निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसू लागला, तर थांबू नका. नसेची तपासणी करून घ्या. सुरुवातीच्या टप्प्यात मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री झोपताना बांधायला सांगतात. तोच पट्टा बांधून दिवसा जोमाने टाइप करत राहण्याचा शहाणपणा करू नये. पट्ट्याशी झगडत बोटं आणखी जोर लावतात आणि दुखणं वर कोपराकडे सरकतं.